खेळीची पारख : यंत्राची आणि माणसाची

बुद्धिबळाच्या पटावर केलेली खेळी चांगली की वाईट, हे कोणी आणि कोणत्या मापाने ठरवावे? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु गेली काही वर्षे रविवारच्या दुपारी, वसतिगृहाच्या सभागृहात सतरंज्या अंथरून मुले पट मांडून बसली की तो आमच्यापुढे वारंवार उभा राहतो. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताब मिळविला, तेव्हापासून तर पटांची संख्या अपुरी पडू लागली आहे. खेळणारी मुले वाढली आणि त्यांच्याबरोबर खेळाचा निवाडा करणारे यंत्रही आले. डाव संपला की त्यातील खेळ्या संगणकात भरायच्या आणि पडद्यावर उमटणाऱ्या हिरव्या-तांबड्या खुणा पाहायच्या, हा आता मुलांचा परिपाठ झाला आहे.

या लेखाचे निमित्त अशाच एका दुपारी घडले. आठवीतील एका विद्यार्थ्याजवळ प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक हत्ती आणि दोन प्यादी अधिक होती. त्याने शांतपणे हत्तीस हत्ती देऊन प्रतिस्पर्ध्याचा उरलेला एकमेव हत्ती पटावरून काढला आणि पुढे कोणताही धोका न पत्करता डाव जिंकला. संध्याकाळी संगणकाने त्याच खेळीपुढे तांबडी खूण केली, कारण त्या स्थितीत चार खेळ्यांत मात होती. मुलगा हिरमुसला. जिंकलेला डाव त्याला हरल्यासारखा वाटू लागला. त्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाने आपला वजीर फुकट मरेल अशा घरात ठेवला होता. समोरच्याचे लक्ष गेले नाही आणि पुढे तो मुलगा जिंकला. तो मात्र आपल्या खेळावर बेहद्द खूश होता.

या दोघांपैकी चांगले कोण खेळले? पहिल्याचा निवाडा यंत्राच्या आकड्याने केला, दुसऱ्याचा निकालाने, आणि आमच्या मते दोन्ही निवाडे चुकले. ते का चुकले हे नीट समजून घ्यावे म्हणून आम्ही संगणक आणि ग्रँडमास्टर यांच्या खेळ्यांची तुलना कशी होत आली, याचा थोडा अभ्यास केला. तोच येथे मांडीत आहोत.

संगणक गुण कसे देतो?

१९५० साली अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी संगणकाला बुद्धिबळ कसे खेळविता येईल यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मांडलेली कल्पना आजही मुळाशी आहे. प्रत्येक सोंगटीला किंमत द्यावयाची : वजिराला ९, हत्तीला ५, उंटाला आणि घोड्याला प्रत्येकी ३, प्याद्याला १. दोन्ही बाजूंची बेरीज करून फरक काढावयाचा. एकटे पडलेले किंवा एकामागे एक अडकलेले प्यादे असेल तर थोडे गुण वजा करावयाचे. सोंगट्यांना हालचालीस मोकळीक असेल तर थोडे मिळवावयाचे. मग ‘मी ही खेळी केली, त्याने ती केली, मी पुन्हा ही केली’ अशा शक्यता जितक्या खोलवर पाहता येतील तितक्या पाहून, प्रतिस्पर्धी सर्वोत्तम उत्तर देईल असे गृहीत धरून, शेवटी ज्या वाटेने गुण अधिक उरतील ती खेळी निवडावयाची.

बुद्धिबळाच्या जगात अशा आज्ञावलीला ‘इंजिन’ म्हणतात. इंजिनाने दाखविलेला ‘अधिक १’ हा आकडा म्हणजे ढोबळमानाने पांढऱ्याजवळ एक प्यादे जास्त असल्याइतकी सरशी. ‘शून्य’ म्हणजे दोन्ही बाजू समान. खेळी केल्यावर हा आकडा जितका घसरेल तितकी ती खेळी वाईट, असा हिशेब आहे. हा हिशेब उपयोगी आहेच. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पुढच्या सर्व खेळ्या दोन्ही बाजू इंजिनाइतक्याच अचूक खेळतील. आमच्या सतरंजीवर बसलेल्या मुलांना हे लागू पडत नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे जगज्जेत्यांनाही ते नेहमी लागू पडत नाही.

न्यूयॉर्क, मे १९९७

यंत्राच्या खेळीची पारख करताना माणूस कसा फसतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएम कंपनीचा ‘डीप ब्लू’ हा संगणक यांच्या सामन्यात सापडते. १९९६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया येथे दोघांची पहिली लढत झाली. पहिला डाव यंत्राने जिंकला, तरी सामना कास्पारोव्ह यांनी ४–२ असा खिशात घातला. वर्षभराने, १९९७ च्या मे महिन्यात, सुधारलेला डीप ब्लू न्यूयॉर्क येथे पुन्हा त्यांच्यासमोर आला. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासण्याची त्याची क्षमता होती.

पहिला डाव कास्पारोव्ह यांनी जिंकला. परंतु त्या डावात हरत असताना यंत्राने ४४ व्या खेळीला आपला हत्ती असा हलविला की त्याचा हेतू कोणालाच उमगेना. कास्पारोव्ह आणि त्यांचे सहकारी रात्री विचार करीत बसले. आपल्याला न दिसणारे, फार दूरचे काहीतरी यंत्राने पाहिले असले पाहिजे, दुसऱ्या वाटेने अटळ मात आहे हे कळल्यामुळेच त्याने ही वाट धरली असली पाहिजे, असा अर्थ त्यांनी लावला. डीप ब्लू घडविणाऱ्यांपैकी एक, मरी कॅम्पबेल यांनी पुष्कळ वर्षांनी त्या खेळीचा उलगडा केला : आज्ञावलीतील एका दोषामुळे यंत्राला खेळी ठरविता आली नव्हती, म्हणून त्याने कोणतीतरी एक खेळी करून टाकली. जिथे विचारच नव्हता तिथे जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूला विचाराची अथांग खोली दिसली!

दुसरा डाव दुसऱ्याच दिवशी झाला. ३६ व्या आणि ३७ व्या खेळीच्या सुमारास वजीर आत घुसवून प्यादी मारण्याची संधी यंत्रापुढे होती. त्या काळचे संगणक हाती लागणारे प्यादे सोडीत नसत. डीप ब्लूने मात्र ते सोडले. त्याने आधी प्याद्यांची मारामारी करून घेतली आणि ३७ व्या खेळीला आपला उंट पटाच्या मध्यभागी आणून ठेवला. त्यामुळे काळ्याचे प्यादे पुढे सरकण्याची वाट बंद झाली आणि कास्पारोव्ह यांचा प्रतिहल्ला जन्मण्यापूर्वीच थांबला. प्रतिस्पर्ध्याच्या मनात काय आहे ते ओळखून त्याची वाट अडविणारी ही खेळी एखाद्या मुरब्बी ग्रँडमास्टरला शोभणारी होती. कास्पारोव्ह यांना ती इतकी मानवी वाटली की यंत्रामागे कोणी माणूस तर नाही ना, असा संशय त्यांनी व्यक्त केला आणि यंत्राच्या नोंदींची मागणी केली. या नोंदी पुढे आयबीएमने प्रसिद्ध केल्या.

याच डावाचा शेवट आणखी शिकविणारा आहे. ४५ व्या खेळीनंतर कास्पारोव्ह यांनी हार मानली. लगेचच विश्लेषकांनी दाखवून दिले की त्या स्थितीत काळ्याने वजीर पांढऱ्याच्या गोटात घुसविला असता तर पांढऱ्या राजाला एकामागून एक शह बसत राहिले असते आणि डाव बरोबरीत सुटला असता. याचा अर्थ, ३७ व्या खेळीला ग्रँडमास्टरसारखे खेळलेले यंत्र शेवटच्या खेळ्यांत चुकले होते. ती चूक हेरण्याची ताकद कास्पारोव्ह यांच्यात निश्चित होती. परंतु इतके खोल पाहणारे यंत्र अशी साधी बरोबरी नजरेतून सुटू देणार नाही, अशी त्यांची धारणा झाली असावी. त्यांनी पटाऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिमेकडे पाहिले, असेच आम्हांला वाटते.

पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले. ११ मे रोजी झालेल्या सहाव्या डावात यंत्राने आठव्या खेळीला घोड्याचा बळी दिला आणि कास्पारोव्ह अवघ्या १९ खेळ्यांत हरले. सामना डीप ब्लूने ३.५–२.५ असा जिंकला. तो घोड्याचा बळी पाहून अनेकांनी यंत्राच्या धाडसाचे कौतुक केले. वस्तुतः ती खेळी यंत्राने पटावर शोधलेली नव्हती. माणसांनी आधीच भरून ठेवलेल्या प्रारंभिक खेळ्यांच्या संग्रहातून ती आली होती.

एका खेळीमागे आज्ञावलीतला दोष, दुसरीमागे अफाट गणित आणि तिसरीमागे माणसाने करून ठेवलेली तरतूद. पटावर मात्र तिन्ही सारख्याच रुबाबात उभ्या होत्या. खेळीचे मोल आणि ती खेळणाऱ्याचे आकलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या सामन्याचा पहिला धडा होय.

परीक्षकाची परीक्षा

यंत्र माणसापेक्षा बलवान झाल्यावर प्रश्न उलटा झाला. आता यंत्रालाच परीक्षक नेमून जगज्जेत्यांचे गुण काढता येतील काय? स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना विद्यापीठाचे मातेय गुइद आणि इव्हान ब्रात्को यांनी २००६ साली असा प्रयत्न केला. स्टाइनिट्झपासून क्राम्निकपर्यंतच्या १४ जगज्जेत्यांचे जगज्जेतेपदाच्या सामन्यांतील डाव त्यांनी ‘क्राफ्टी’ नावाच्या इंजिनाकडून तपासून घेतले. यंत्राची सर्वोत्तम खेळी आणि खेळाडूने प्रत्यक्ष केलेली खेळी यांतील गुणांचा फरक म्हणजे त्या खेळीची चूक, आणि सर्व चुकांची सरासरी म्हणजे खेळाडूची प्रत, असे त्यांचे माप होते. या मापाने क्यूबाचे होसे राउल कापाब्लांका पहिले आले.

आम्हांला निकालापेक्षा त्यांनी घेतलेली काळजी अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या ११ खेळ्या त्यांनी मोजल्याच नाहीत, कारण त्या बहुधा पाठ केलेल्या असतात आणि पाठांतर म्हणजे विचार नव्हे. जेथे एका बाजूची सरशी दोन प्याद्यांहून अधिक आहे अशा स्थितीही त्यांनी वगळल्या, कारण जिंकत असलेला शहाणा खेळाडू सर्वांत जलद वाटेपेक्षा सर्वांत निर्धोक वाट मुद्दाम निवडतो. त्यात यंत्राला ‘चूक’ दिसली तरी ती चूक नसते. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की आमच्या आठवीतल्या विद्यार्थ्याची तांबडी खूण नेमकी येथेच पुसली जाते. चार खेळ्यांतली मात सुटली हे खरे. पण हत्तीस हत्ती देऊन धोका संपविणे ही जाणत्या खेळाडूची निवड होती.

या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट मोजली, ती म्हणजे स्थितीची गुंतागुंत. कापाब्लांका साध्या, स्वच्छ स्थितीकडे डाव नेत. मिखाईल ताल मुद्दाम वादळ उठवीत. सपाट रस्त्यावर चालणारा कमी ठेचकाळतो आणि डोंगर चढणारा अधिक. दोघांच्या ठेचा मोजून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणे न्याय्य होणार नाही. अभ्यासावर आक्षेपही आले. क्राफ्टी हे जगज्जेत्यांपेक्षा दुबळे इंजिन होते. शिकाऊ परीक्षकाने आचार्यांच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात काय? अभ्यासकांचे उत्तर असे होते की परीक्षकाच्या चुका सर्वांच्या वाट्याला सारख्याच आल्या आणि तपासलेल्या खेळ्या पुष्कळ असल्या, तर क्रमवारीवर त्यांचा परिणाम कमी होतो. पुढे अधिक बलवान इंजिने वापरून त्यांनी तपासणी पुन्हा केली.

अमेरिकेतील बफेलो येथील संगणकशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः इंटरनॅशनल मास्टर असलेले केनेथ रीगन यांनी ही पारख आणखी सूक्ष्म केली. एखाद्या स्थितीत इंजिनाने प्रत्येक संभाव्य खेळीला दिलेले गुण पाहून, अमुक ताकदीच्या खेळाडूला अमुक खेळी सापडण्याची शक्यता किती, हे ते काढतात. एकच चांगली खेळी असेल आणि ती दडलेली असेल, तर ती शोधणाऱ्याचे मोल मोठे. चार खेळ्या जवळपास सारख्याच असतील, तर त्यांतली कोणतीही निवडली तरी दोष लहान. याच पद्धतीचा उपयोग, खेळताना कोणी चोरून यंत्राची मदत घेतली काय, हे तपासण्यासाठीही होतो. ताकदीच्या मानाने कोणी फारच वेळा यंत्रासारखे खेळू लागला, तर शंकेला जागा होते. यंत्राशी जुळणे हे नेहमीच प्रशंसेचे कारण नसते, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

माणूस कोठे चुकतो?

यंत्राचा आकडा एकटा अपुरा आहे, असे म्हटल्यावर कोणी त्याला दूरच सारील, तर तेही योग्य नव्हे. २००६ साली जर्मनीतील बॉन येथे त्या वेळचे जगज्जेते व्लादिमीर क्राम्निक ‘डीप फ्रिट्झ’ या इंजिनाशी खेळले. दुसऱ्या डावात, चांगल्या स्थितीत असताना, त्यांनी आपला वजीर अशा घरात नेला की पुढच्याच खेळीत त्यांच्यावर मात झाली. एका खेळीतली मात आमच्या पाचवीतल्या मुलांनाही दिसते. जगज्जेत्याला ती दिसली नाही. सामना त्यांनी ४–२ असा गमावला. माणसाची विद्या कितीही मोठी असो, थकवा आणि गृहीत धरण्याची सवय त्याचा पाठलाग सोडीत नाहीत. यंत्राला त्या नसतात आणि म्हणूनच ते तपासनीस म्हणून मोलाचे आहे.

२०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सिंगापूर येथे भारताचे डी. गुकेश आणि चीनचे डिंग लिरेन यांचा जगज्जेतेपदाचा सामना झाला. १२ डिसेंबरच्या चौदाव्या डावात गुकेश यांच्याजवळ एक प्यादे अधिक होते. इंजिने मात्र ‘बरोबरी’ असेच सांगत होती. आकडा पाहून कोणी म्हणाले असते की आता खेळण्यासारखे काही उरले नाही. गुकेश खेळत राहिले. ५५ व्या खेळीला डिंग यांनी हत्तीस हत्ती देऊ केला. त्यामुळे हत्तींपाठोपाठ उंटांचीही मारामारी अटळ झाली, पटावर केवळ राजे आणि प्यादी उरली आणि तेथे अधिकचे एक प्यादे निर्णायक ठरले. १८ वर्षांचे गुकेश ७.५–६.५ असे जिंकून जगज्जेते झाले. त्यांनी डाव लांबविण्यासाठी केलेल्या खेळ्यांनी यंत्राचा आकडा हलत नव्हता. पण समोरच्या माणसाला प्रत्येक वेळी नवा निर्णय घ्यावा लागत होता. ‘समान’ या एका शब्दात सोपी बरोबरीही बसते आणि तासन्‌तास जागरूक राहून राखावी लागणारी बरोबरीही बसते. हा फरक यंत्राच्या शून्यात दिसत नाही.

दोन्ही प्रसंगांत हत्तीस हत्ती दिला गेला, हे येथे लक्षात घ्यावे. आमच्या विद्यार्थ्याची ती खेळी उत्तम होती आणि डिंग यांची तीच खेळी घातक ठरली. खेळीला स्वतःचे असे कायमचे गुण नसतात. ती स्थितीतून अर्थ घेते.

आम्ही काढलेली वाट

या अभ्यासानंतर रविवारच्या वर्गात आम्ही काही नियम केले. पहिला नियम असा की डाव संपल्यावर संगणकापूर्वी वही उघडावयाची. ज्या तीन ठिकाणी आपण अडखळलो तेथे काय पाहिले, कशाची भीती वाटली आणि ती खेळी का केली, हे दोन-दोन ओळींत लिहावयाचे. दुसरा, प्रतिस्पर्ध्याशी बोलून त्याने काय पाहिले ते समजून घ्यावयाचे. तिसरा, त्यानंतर इंजिनाकडे जावयाचे आणि तांबडी खूण दिसली तर चार प्रश्न विचारावयाचे : येथे मी आधीच जिंकत किंवा हरत होतो काय? चांगली खेळी एकच होती की अनेक होत्या? ती माझ्या ताकदीच्या खेळाडूला सापडण्यासारखी होती काय? आणि तिचे कारण मला माझ्या शब्दांत सांगता येते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती खेळी अजून आपली झालेली नाही.

या पद्धतीने त्या दोन मुलांचे डाव पुन्हा पाहिले. हत्ती देणाऱ्याच्या वहीत कारण स्पष्ट निघाले : “त्याचा हत्ती गेला की मला मात होण्याची भीती उरत नाही.” त्याची खूण आम्ही पुसली आणि चार खेळ्यांतली मातही त्याला दाखविली, कारण तीही शिकण्यासारखी होती. वजीर फुकट ठेवणाऱ्याच्या वहीतले ते पान कोरे होते. तो गप्प झाला. जिंकलेल्या डावातली चूक मान्य करणे हरलेल्या डावातल्या चुकीपेक्षा अवघड असते. पुढच्या रविवारी त्याने प्रत्येक खेळीपूर्वी हात मागे बांधून पट न्याहाळताना आम्ही पाहिले. त्या दिवशी तो हरला. पण त्याची वही भरलेली होती.

ग्रँडमास्टरही यंत्रापासून शिकतात. २०१७ साली केवळ स्वतःशी खेळून तयार झालेल्या ‘अल्फाझीरो’ने त्या काळच्या बलाढ्य ‘स्टॉकफिश’ला १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबरी आणि एकही पराभव नाही असे हरविले. पटाच्या कडेचे प्यादे राजावर रेटीत नेण्याची त्याची पद्धत पाहून अनेक खेळाडूंनी ती अभ्यासली. त्यांनी ती उपयोगात आणली ती मात्र कारण समजून घेतल्यावर. यंत्र उत्तर देते. त्या उत्तराचे कारण शोधण्याचे काम शिकणाऱ्याकडेच राहते.

माजी विद्यार्थी आणि पालकहो, आपल्या घरीही मुले भ्रमणध्वनीवर डाव खेळून ‘इतके टक्के अचूक’ असा आकडा आपणांस दाखवीत असतील. त्या आकड्याला शाबासकी किंवा बोल लावण्यापूर्वी एकदा पट मांडण्यास सांगावे, एखाद्या खेळीवर बोट ठेवावे आणि विचारावे, “येथे तू काय पाहिले होतेस?” आपणांस बुद्धिबळ येत नसले तरी चालेल. मूल सांगू लागले की त्याची चूक बहुतेक वेळा त्याचे त्यालाच सापडते. शाळेत गुणपत्रिका हाती आल्यावरही हाच प्रश्न विचारता येईल. आमच्या वसतिगृहाच्या कपाटात अशा वह्या आता एकावर एक रचल्या जात आहेत. आपण भेटीस याल तेव्हा त्या अवश्य चाळाव्यात.